गहू सोडून बघायचाय? आधी रक्त द्या, मग पोळी सोडा

माझ्या भाचीने गहू सोडला तेव्हा घरात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. पोट कायम फुगलेलं, दुपारी डोळे उघडे ठेवणं कठीण, आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकत नव्हतं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून एका सोमवारपासून पोळी बंद, पाव बंद, चहाबरोबरची खारी बंद. तीन आठवड्यांत चेहऱ्यावर टवटवी आली. दोन महिन्यांनी ती पोटाच्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "गहू सोडायच्या आधी तपासणी केली होती का?" केली नव्हती. मग रक्त दिलं, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि त्या नॉर्मलचा अर्थच लागेना. आजार नाही म्हणून नॉर्मल, की दोन महिने गहू पोटात गेला नाही म्हणून नॉर्मल?

हे कळायला तिला पुन्हा सहा आठवडे रोज गहू खावा लागला. दोन्ही जेवणांत एकेक पोळी, औषधासारखी. दुसऱ्या आठवड्यात पोट पुन्हा तसंच फुगायला लागलं. डबा उघडून पोळीकडे बघत बसलेली तिची मान मला अजून आठवते. शेवटी रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी, आतड्याच्या तुकड्याची तपासणी, आणि निदान झालं: सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार.

त्याच सुमारास मीही गहू सोडून बघितला. माझी गोष्ट पूर्ण वेगळी निघाली. ती पुढे येईलच. आमच्या दोघींच्या अनुभवावरून एक पक्कं सांगते: गहू सोडायच्या वाटा तीन-चार आहेत, आणि प्रत्येक वाटेवर मिळणारं उत्तर वेगळं असतं. आपल्याला कुठलं उत्तर हवंय ते आधी ठरवा.

ग्लूटेन हातात धरून बघा

कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पातेलीभर पाण्यात दाबत-दाबत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते ओतून नवं पाणी घ्या. चार-पाच पाण्यांनंतर बोटांत एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरतो, त्यात कोंड्याचे कण अडकलेले. हेच ग्लूटेन. ज्वारीच्या पिठाचा गोळा असा धुवायला घेतलात तर हातात काहीच राहत नाही, सगळं पाण्याबरोबर जातं. म्हणून पोळी लाटता येते, भाकरी मात्र थापावी लागते.

ग्लूटेन गव्हात असतं, आणि त्याच जातीची प्रथिनं जवात आणि राय या धान्यात असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत ते नाही. आपलं उपवासाचं ताट जवळजवळ पूर्ण ग्लूटेनमुक्त असतं, हे माझ्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आधी तपासणी, की आधी सोडून बघणं?

सगळ्यात महत्त्वाची निवड हीच, म्हणून इथे थोडी थांबते.

आधी सोडून बघण्याचा मोह समजण्यासारखा आहे. खर्च नाही, सुई नाही, उद्यापासून सुरू करता येतं. पण सिलिॲकची तपासणी म्हणजे शरीर ग्लूटेनवर कशी प्रतिक्रिया देतंय ते मोजणं. ग्लूटेनच नसेल तर प्रतिक्रिया ओसरते आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. म्हणून तपासणीच्या आधी किमान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खात असायला हवं. आपल्याकडे बहुतेकांचं ते आपोआप चालूच असतं. गरज इतकीच, की सोडायच्या आधी लॅबमध्ये जायचं.

रक्ताच्या तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. आयजीए हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. सोबत एकूण आयजीए मोजून घ्या. काहींच्या रक्तात मुळातच आयजीए कमी असतं, आणि मग पहिला आकडा फसवा येतो. रिपोर्ट वाढलेला आला तर पुढे एंडोस्कोपी करायची का, ते डॉक्टर ठरवतील. आणि शंभर-दोनशे पदार्थांची 'तुम्हाला काय सोसत नाही' अशी यादी देणाऱ्या आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड) चाचण्यांवर पैसे घालू नका. ॲलर्जीच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संघटना त्या करू नका असंच सांगतात. आयजीजी वाढलेलं दिसलं तर तो पदार्थ तुम्ही खाता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

निदानाने फरक काय पडतो, गहू सोडायचाच आहे ना, असं भाचीच्या वडिलांनी विचारलं होतं. फरक खूप पडतो. सिलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. तिथे 'रविवारी एक पाव चालेल' असं काही नसतं. आयुष्यभर, कणभरसुद्धा नाही. सिलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं असं मानतात, आणि ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम असतं, म्हणजे त्याच्या अडीचशेपट. शिवाय हाडांची, थायरॉइडची तपासणी करावी लागते आणि सख्ख्या भावंडांची, आई-वडिलांचीही रक्ततपासणी करून घ्यावी लागते, कारण हा आजार घराण्यात चालतो. जगभरात साधारण १ टक्का लोकांना तो असतो. भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेकडे दक्षिणेपेक्षा बराच जास्त. 'नुसतं बरं वाटतंय' एवढ्यावर कोणी इतकी काटेकोर शिस्त पाळत नाही. भाचीनेही पाळली नव्हती. त्या दोन महिन्यांत लग्नात एकदा गुलाबजाम, एकदा शेवयांची खीर झालीच होती.

गहू आधीच सोडून बसला असाल तर? परत गहू सुरू करायच्या आधी डॉक्टरांना डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या जनुकांच्या चाचणीबद्दल विचारा. तिला गहू खाण्याची अट नाही. दोन्ही जनुकं नसली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असं समजतात. असली तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ती कितीतरी निरोगी लोकांत असतात.

लहान मुलांचा गहू स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री जुलाबासाठी उठावं लागत असेल, तर प्रयोग बाजूला ठेवून दवाखाना गाठा. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठत असतील किंवा श्वास अडत असेल तर ती ॲलर्जी असू शकते, आणि तिचा प्रयोग घरी करायचा नसतो.

पूर्ण बंद, थोडा कमी, की खपली?

तपासणीत सिलिॲक निघालं नाही आणि तरी त्रास आहे, असे आपण बरेच जण उरतो. मीही त्यातलीच.

थोडा कमी करणं, म्हणजे रात्री भाकरी आणि सकाळी पोळी, ही सोपी वाट. घरच्यांना त्रास नाही, तब्येतीला बहुधा चांगलंच. पण यातून उत्तर मिळत नाही. बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही, नाही वाटलं तरी 'पूर्ण सोडला असता तर' ही रुखरुख राहते. ज्याला कारण शोधायचं नाही, फक्त जेवणात बदल हवाय, त्याने ही वाट खुशाल घ्यावी.

खपली गव्हाचा सध्या फार बोलबाला आहे. आमच्या सोलापूरकडे तो नवा नाही. खीर खपलीचीच. चव मला मनापासून आवडते. पण खपलीत ग्लूटेन असतं. ते कमी ताणलं जाणारं असेल, काहींना पोटाला हलकंही वाटत असेल, तरी सिलिॲकवाल्याला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. दुकानदार 'ग्लूटेन नसतंच' म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

पूर्ण बंद करणं हाच खरा प्रयोग. मुदत चार ते सहा आठवडे. या काळात बाकी काही बदलायचं नाही, आणि अडचण इथेच येते. गहू सोडला की बिस्किटं, केक, वडापाव, सामोसे, रात्री उशिरा मागवलेला पिझ्झा हे सगळं आपोआप सुटतं. मग बरं वाटलं ते ग्लूटेन गेल्यामुळे की मैदा-साखर-तळण गेल्यामुळे? म्हणून मी आधी दोन आठवडे गहू चालू ठेवून फक्त बेकरी आणि बाहेरचं बंद केलं. माझा निम्मा त्रास तिथेच कमी झाला. मग पोळी सोडली.

गहू, की कांदा-लसूण?

हा प्रश्न मला कोणी विचारला नसता तर मी आजही गव्हालाच दोष देत बसले असते. गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टन नावाची शर्करांची साखळीही असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. हेच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणीत भरपूर. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग छापला. सिलिॲक नसताना स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना त्यांनी एकेक आठवडा तीन प्रकारचे बार खायला दिले: एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टन, एकात दोन्ही नाही. कोणता कुठला ते खाणाऱ्याला माहीत नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टनच्या आठवड्यात झाला, आणि ग्लूटेनचा आठवडा रिकाम्या बारपेक्षा वेगळा निघाला नाही.

ते वाचून मी बहिणीकडून थालीपिठाच्या दोन भाजण्या करून घेतल्या, एक गहू घातलेली, एक बिनगव्हाची. डब्यांवर फक्त लाल आणि निळी चिठ्ठी. थालीपिठात कांदा घालायचा नाही, हे ठरलेलं. एक आठवडा लाल, एक आठवडा निळा, रोज वहीत पोट, शौच आणि थकवा यांना शून्य ते दहा गुण. शेवटी बहिणीने चिठ्ठ्या उलगडल्या तर दोन्ही आठवड्यांचे आकडे जवळजवळ सारखे. त्यानंतर पोळी सुरू ठेवून दोन आठवडे कांदा-लसूण बंद केला. पहिल्या पाच दिवसांत पोट उतरलं. सोलापूरच्या माणसाला लसणीशिवाय शेंगाचटणी म्हणजे काय, ते विचारू नका. पण उत्तर मिळालं, आणि मी पोळीकडे परत गेले.

काही जणांना सिलिॲक नसताना खरोखरच गव्हाचा त्रास होतो, हे डॉक्टरही मानतात. पण त्याला रक्ततपासणी नाही. अशी सोडून-परत-आणून बघण्याची पद्धतच काय ती आहे.

पोळीच्या जागी काय: भाकरी, की पाकीट?

इथे माझा कल उघड आहे. ग्लूटेन-फ्री म्हणून मिळणारे ब्रेड आणि बिस्किटं महाग असतात, आणि बऱ्याचदा तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर, तेल एवढ्यावरच उभी असतात. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी असताना हा खर्च कशाला? नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते कुठल्या ब्रेडमधून मिळणार?

भाकरीची भीती असेल तर दोन गोष्टी. पीठ ताजं दळलेलं घ्या. महिनाभर पडलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते. आणि पाणी कडकडीत गरम घ्या. ग्लूटेन नसल्यामुळे पीठ धरून ठेवायचं काम त्या पाण्यात उकडलेला स्टार्चच करतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. पहिल्या आठवड्यात पाणी जास्त प्या, नाहीतर पोट साफ न होण्याचा दोष उगीच ज्वारीवर जाईल.

पाकिटाचा उपयोग एकाच ठिकाणी आहे, आणि तो सिलिॲकवाल्यांना. भारतात 'ग्लूटेन-फ्री' छापायला किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गिरणीतल्या दळणाला अशी कुठलीच मर्यादा नाही. प्रयोगापुरतं 'ज्वारीवर ज्वारी दळा' एवढं सांगितलं तरी पुरतं. भाचीला ते पुरत नाही. गव्हाची पिठी त्या जात्यात बसलेलीच असते. तिच्या आईने शेवटी घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच घातला नाही.

लपलेला गहू मात्र प्रयोग करणारा आणि सिलिॲकवाला, दोघांनाही पकडावा लागतो. बांधणी हिंगात बहुतेकदा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो, विकतच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात असतो, सोया सॉसमध्ये असतो. रवा म्हणजे गहूच, आणि कुरडईसुद्धा गव्हाच्याच चिकाची.

परत आणायचा दिवस

बरेच लोक चार आठवडे गहू सोडतात, बरं वाटतं, आणि तिथेच थांबतात. मग प्रयोग अर्धाच राहतो. परत आणण्यासाठी लग्न, प्रवास, परीक्षा, दिवाळी नसलेला साधा आठवडा निवडा. पहिल्या दिवशी दुपारी, चार आठवडे जेवत होतात तेच वरण, तीच भाजी, फक्त भाकरीच्या जागी दोन पोळ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस. त्या आठवड्यात नवीन काही खाऊ नका, विशेषतः कांद्याची भजी. वहीत गुण रोज एकाच वेळी लिहा, शक्यतो सकाळी उठल्यावर. जेवून उठल्या-उठल्या लिहू नका, कारण तेव्हा आपण पोटाला हात लावून काहीतरी होण्याची वाट बघत असतो.