मिरजेत काढून घेतलेली जवारी आणि माझा भूप

तीन वर्षं भूप राग शिकतेय आणि तीन वर्षं गाण्याच्या बाईंचं एकच म्हणणं, "गांधारावर थांबतेस गं, पण तो लागत नाही." घरी मी हा गांधार, म्हणजे 'सा रे ग'मधला 'ग', पेटीवर ताडून बघायची, तर बरोबर जुळायचा. मग चूक कुठे, तेच कळेना. ते कळलं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, तानपुऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तार गुंजत राहावी म्हणून घोडी घासून घ्यायला गेले तेव्हा.

आईचा तानपुरा वीस वर्षं गवसणीत होता. मी आपली मोबाइलवरचा तानपुरा लावून बसायची. या जानेवारीत गवसणी काढली, तारा जुळवल्या, तर आवाज अगदी बसका. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांनी चरे पाडले होते. कोल्हापूरहून मिरज जवळच, म्हणून गाडीत आडवा ठेवून घेऊन गेलो. सतारी-तानपुरे घडवणारी ही गल्ली दीडशे वर्षांहून जुनी, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, वर टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा.

तिथल्या कारागीर चाचांनी पहिलं विचारलं, "ताई, पट्टी कुठली?" म्हणजे गाताना माझा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर. काळी चार म्हटल्यावर तिथेच तारा जुळवल्या आणि मगच घोडीला हात लावला. जवारी गाणाऱ्याची पट्टी बघूनच काढायची असते, हे मला माहीत नव्हतं. कानस इतकी हलकी फिरवत होते की भुकटी जेमतेम दिसायची. दोन हात मारायचे, तार चढवायची, भोपळ्याजवळ कान न्यायचा, तार परत उतरवायची. एकट्या खरजाला, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेला, तासभर गेला. शेवटी सुती दोरा तारेखाली घातला आणि नखाने केसभर पुढे सरकवला. तोवर 'ठण्ण' करून विझणारी तार एकदम उमलली आणि वाजतच राहिली.

चाचा म्हणाले, "आता नुसता खरज ऐका. गांधार बोलतोय."

खरंच बोलत होता. तार षड्जाची, म्हणजे 'सा'ची, आणि तिच्यातून वर स्वच्छ गांधार. मी 'सा रे ग' म्हणून थांबले, तर माझा गांधार त्याच्या वर, चढा. जरासा खाली घेतला आणि तो तानपुऱ्यात असा मिसळला की माझा आवाज मला वेगळा ऐकूच येईना. पेटीचा गांधार या गांधारापेक्षा चढा असतो आणि मी तीन वर्षं पेटीचाच घोटत होते. डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी चहा मागवला.

जवारी, नव्या तारा आणि सूर बारीक जुळवायचे मणी मिळून २,२०० रुपये झाले. कामाच्या मानाने मला हे कमीच वाटले. तक्रारी दोन. पहिल्यांदा फोनवर सांगितलेल्या दिवशी गेलो तर चाचा परगावी, खेप फुकट गेली. निघताना पुन्हा फोन करून खात्री करा. दुसरी, पंचमाची खुंटी घसरते. फोन केला तर म्हणाले, खडू लावा. लावला, आता बऱ्यापैकी धरते.

मोबाइलचा तानपुरा वाईट नाही, प्रवासात मी अजून तोच लावते. पण भूपासारखा राग समजून घ्यायचा असेल तर महिनाभर तरी चांगल्या जवारीच्या तानपुऱ्याजवळ बसा. भूपात मध्यम-निषाद (म, नि) नाहीत, पाचच स्वर, आणि सगळा जीव गांधारात. 'प ग, ध प ग, रे सा' म्हणताना फिरून फिरून तिथेच यायचं. देसकार रागातही हेच पाच स्वर. पण तिथे वादी, म्हणजे मुख्य स्वर, धैवत (ध), चाल उत्तरांगातली, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यातली, ऋषभ (रे) दुबळा आणि गांधारावर फार थांबायचं नाही. आरोह-अवरोह पाठ करून हा फरक गळ्यात उतरत नाही. कुठल्या स्वरावर वजन ठेवायचं ते आधी कानाला कळावं लागतं, आणि त्यासाठी तो स्वर नेमका कुठे आहे ते ऐकू यावं लागतं.

आता बाईंनी सकाळी देसकार सुरू केलाय. 'ग प ध' म्हणत धैवतावर थांबते, तिथून 'ध प' करून उतरताना सवयीने गांधारावर रेंगाळते आणि भूप होतो. मग गाणं थांबवते, चारही तारा पाच मिनिटं नुसत्या छेडते आणि परत धैवतापासून सुरू करते.