सेइशुन १८ किप्पू : स्वस्त आहे, पण सलग आहे

सेइशुन १८ किप्पू म्हणजे जपानभर जेआर रेल्वेच्या साध्या गाड्यांतून दिवसभर हवं तितकं फिरायचं तिकीट. काल त्याच्या पाचांपैकी एक अख्खा दिवस पावसात गेला, म्हणून लिहायला बसलोय. गाड्या बंद, परतावा नाही, मुदतवाढ नाही. २,४१० येन शब्दशः पाण्यात. नियमात हे आधीपासूनच आहे, मान्य. पण जुन्या तिकिटात त्याचा एवढा चटका बसत नव्हता. पाऊस दिसला की घरीच थांबायचं. शिक्का मारून घेतला नाही म्हणजे दिवस शिल्लक. २०२४ च्या हिवाळ्यापासून पाचही दिवस सलग झाले आणि ती सोय गेली.

किंमत तीच, १२,०५० येन. आधी एका तिकिटावर पाच जण एकाच दिवशीही फिरू शकायचे. आम्ही तिघं वर्गणी काढून एक घ्यायचो, आणि उरलेले दोन दिवस ज्याला बाइतोला, म्हणजे पार्ट-टाइम कामाला, सुट्टी असेल त्याचे. आता एक तिकीट, एक माणूस. तीन दिवसांचं १०,००० ला मिळतं, म्हणजे दिवसाला तीन हजारांच्या वर. ते माझ्यासाठी बादच. आणि लॅब, बाइतो सांभाळून सलग पाच दिवस मोकळा असलेला विद्यार्थी कुणी पाहिला असेल तर मला भेटवा.

मी ओसाकाला राहतो. इथून नाराला या तिकिटावर जाणं म्हणजे तोटा. येऊन-जाऊन दोन हजारही होत नाहीत, तिथल्या हरणांना खायला द्यायची बिस्किटं धरूनसुद्धा. हिमेजी बरं. शिन-काइसोकु या जलद गाडीने (तिला वेगळं भाडं नाही) तासाभरात किल्ला, आणि येण्याजाण्याचे तीन हजार वाचतात. खरी वसुली ओकायामाला. एका बाजूचंच भाडं तीन हजारांच्या वर आहे.

वाटेत आयोईला गाडी बदलताना मजा येते. मागची लांबलचक गाडी रिकामी होते आणि पुढची येते ती मोजक्या डब्यांची. दार उघडायच्या आधीच सगळे उठून उभे. तिकिटाला वयाची अट नाही, त्यामुळे सत्तरीतले आजोबाही सॅक पुढे घेऊन तयारीत असतात. मग जिन्यावरून जो लोंढा सुटतो! मी ठाण्याचा, मला जागा मिळते.

ओकायामाचं कोराकुएन हे उद्यान १७०० साली पूर्ण झालं. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्यावरूनच बेतलंय. लहानपणी मामाबरोबर तिथे जायचो, त्यामुळे वाटलं होतं, बघितलेलंच आहे. पण इथली हिरवळ संपतच नाही, आणि झाडांमागून काळा किल्ला डोकावतो. तो आपल्याकडे कुठून आणणार? संध्याकाळी त्याच तिकिटावर शेजारचं कुराशिकी शहरही उरकलं.

एका बाबतीत मत बदललंय. नवं तिकीट ऑटोमॅटिक गेटमधून जातं हे वाचून मी नाक मुरडलं होतं: त्यात काय एवढं? पण जुनं तिकीट माणसाला दाखवायला लागायचं, आणि मोठ्या स्टेशनांवर त्या खिडकीपाशी सूटकेसवाल्या पर्यटकांची ही रांग. तीन मिनिटांच्या जोडगाड्या तिथेच सुटायच्या. आता सरळ आत. सलगपणाचा राग धरूनही हे मान्य करावं लागेल.

तरी उन्हाळ्यात परत घेणार नाही. तेव्हाच पावसाची आणि वादळांची भीती जास्त. एकेका फेरीला कॉलेजकडून गाकुवारीचा, म्हणजे विद्यार्थी सवलतीचा, कागद काढीन. १०० किलोमीटरच्या वर वीस टक्के सुटतात. १८ किप्पू आता वसंताच्या सुट्टीतच, तेही कुणी बाइतोच्या पाळ्या बदलून दिल्या तर.