कुपवाडच्या शॉपमध्ये मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर: नऊ महिन्यांनंतर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. अकरा सीएनसी (संगणकावर चालणारी लेथ), चार व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीनं), हवेचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर, एक ईओटी क्रेन (छताखालून फिरणारी, विजेवरची). मेंटेनन्सला मी आणि तीन फिटर. बिघाड आणि दुरुस्तीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं ते खरं तर ऑडिटच्या धास्तीनं. आयएटीएफ 16949 च्या, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या, ऑडिटला एमटीबीएफ आणि एमटीटीआर, म्हणजे दोन बिघाडांमधला आणि दुरुस्तीचा सरासरी वेळ, दाखवावा लागतो. आमची हिस्टरी कार्डं, म्हणजे प्रत्येक मशीनच्या दुरुस्त्यांची नोंद, ऑडिटच्या आदल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या पेनांनी भरली जायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

मराठी भाषा निवडायची सोय आहे म्हणून आधी खूश झालो. उघडून बघतो तर मशीनला 'मालमत्ता'! आमचे जुने फिटर मामा म्हणाले, "साहेब, वाटणी चाललीया का काय?" दोन दिवसांत परत इंग्रजीवर आलो. बिघाडांची नावं मात्र आम्ही आमचीच टाकली: टरेट (टूल धरून फिरणारा भाग) अडकला, चक (जॉब पकडणारा भाग) ढिला, कूलंट (कापताना थंड ठेवणारं पाणी) गळती.

पहिले दोन महिने नुसती माहिती भरणं. कुठल्या मशीनला कुठलं बेअरिंग, कुठला बेल्ट, हे सगळं मामांच्या खिशातल्या डायरीत होतं. रोज जेवणानंतर अर्धा तास ते सांगायचे, मी टाइप करायचो. नऊ महिन्यांतलं सगळ्यात कामाचं काम हेच झालं, आणि त्याचे पैसे सॉफ्टवेअरवाल्यानं घेतले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट काढला तर निम्म्या बिघाडांचं कारण 'इतर'. पोरांचा दोष नाही. हात तेलकट, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि यादीत चाळीस कारणं. मी नऊ ठेवली आणि 'इतर' काढून टाकलं.

त्यानंतर जे दिसलं ते मला पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं. मशीन बंद पडल्यापासून चालू होईपर्यंतचा वेळ आम्ही एकच धरायचो. तो तोडून लिहायला लावला: कळवलं कधी, हात कधी लावला, पार्ट कधी आला, चालू कधी झालं. एका व्हीएमसीचा बेल्ट बदलायला चाळीस मिनिटं लागली होती, पण मशीन साडेपाच तास उभी होती. बेल्ट सांगलीत मिळाला नाही म्हणून माणूस मोटारसायकलवर कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेला होता. असं एकदा नाही, बऱ्याचदा. म्हणजे शिव्या फिटरला बसत होत्या आणि घोळ स्टोअरमध्ये होता. रिपोर्ट मालकांपुढं ठेवला, आता सहा बेल्ट आणि काही बेअरिंगं कपाटात असतात. 'पार्टची वाट' हा रकाना तयार मिळत नाही, आपल्याला बनवावा लागतो. तो पहिल्या दिवशीच बनवा.

कॉम्प्रेसरचं वेळापत्रक तारखेवर लावू नका. आमचे दोन्ही आलटून पालटून चालतात, त्यामुळं तेल बदलायचं ते चाललेल्या तासांवर. सोय आहे, पण तासांचा आकडा माणसानंच भरायचा. एका रात्री 8143 च्या जागी 81430 पडलं आणि सकाळी त्या कॉम्प्रेसरची झाडून सगळी कामं 'थकीत'. आदल्या आकड्याशी ताडून बघायची अक्कल सॉफ्टवेअरला नाही, हे मला अजून पटत नाही.

मशीनवर लावलेले क्यूआरचे स्टिकर कूलंटनं महिन्यात गेले. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून घेतले, ते टिकलेत. पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क नसतं, तिथं ऑफलाइन नोंद चालते, पण फोटो कधीकधी हरवतो. क्रेनच्या वार्षिक तपासणीची आठवण महिनाभर आधी येते, तेवढं बरं.

पैसे माणशी दरमहा. खर्च वाचवायला आम्ही पाचऐवजी दोनच लॉगिन घेतले, आणि आता प्रत्येक नोंदीखाली नाव 'शिफ्ट बी'. काम कुणी केलं ते शोधायला परत हजेरीची वही काढतो. ही आमची चूक. पण एक्सेलमध्ये माहिती काढताना फोटो येत नाहीत, ही त्यांची, आणि फोन केला की "पुढच्या अपडेटमध्ये" हेच उत्तर मिळतं.

तीन महिन्यांनी नूतनीकरण आहे. लॉगिन पाच घेणार. फोटोंचं लेखी दिल्याशिवाय वर्षाचे पैसे एकदम भरणार नाही, तिमाहीचेच भरीन.