आई किंवा वडील गेल्यावर जनावरांच्या कामावर परतताना: लगेच पूर्ण वेळ, हलकं काम की कमी तास?

परतायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती दिवसांनी? दवाखाना, गोठा, तबेला किंवा भटक्या प्राण्यांचा निवारा, काम कुठेही असलं तरी हा प्रश्न दुय्यम आहे. या कामातली चूक लाथ, चावा किंवा चुकीचा डोस होऊन समोर येते, म्हणून परतल्यावर कोणती कामं हातात घ्यायची नाहीत हे आधी ठरवावं लागतं. पर्याय साधारण तीन.

लगेच, पूर्ण वेळ

काहींना हे खरंच मानवतं. खाण्याच्या, धारेच्या, फिरवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि विस्कटलेल्या दिवसाला त्या वेळाच आधार देतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातलं मन दुःखाकडे आणि रोजच्या व्यवहाराकडे आलटून-पालटून जातं आणि त्याला दोन्ही लागतं. तेव्हा चार तास कामात बुडून गेलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

अडचण झोपेची आहे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगात दिसलं आहे. गाय पाय पुढे आणि बाजूला फिरवून लाथ मारते, घोड्याला आपल्या अगदी मागचं दिसत नाही. रोज सवयीने टळणारे हे धोके अर्धवट झोपेत टळत नाहीत. वरून शांत राहिलो की जनावराला काही कळणार नाही, असंही समजू नका. एकाच माणसाच्या ताणातल्या आणि एरवीच्या घाम-श्वासातला फरक कुत्री वासाने ओळखतात, हे २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं. बुजरं कुत्रं हाताळताना तो फरक आड येऊ शकतो. रात्री पाच-सहा तास सलग झोप लागत असेल, जनावरं ओळखीची असतील आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस असेल, तरच हा पर्याय घ्या.

पूर्ण वेळ, पण हलकं काम

वरिष्ठ सहसा हेच सुचवतात, आणि आमच्या मते तिन्हींत हा सर्वांत फसवा आहे. दवाखान्यात हलकं काम म्हणजे बहुधा स्वागतकक्ष. तिथे दिवसभर फोनवर घाबरलेले, रडणारे मालक असतात, शिवाय नवी यादी, नवी नोंदवही. शोकात नवी गोष्ट लक्षात राहत नाही, जुनी हाताला आठवते. निवाऱ्यात अनाथ पिल्लांना दूध पाजायला बसवतात. दिसायला गोड काम, पण दोन आठवड्यांच्या आतल्या मांजराच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीही. अंग गार असेल तर आधी ऊब द्यावी लागते, कारण गार पिल्लाला दूध पचत नाही. एवढं करून काही पिल्लं दगावतातच.

खरोखर हलकी कामं वेगळी आहेत: पिंजरे धुणं, ओळखीच्या कुत्र्यांना फिरवणं, वजनं घेणं, मुदत संपलेली औषधं बाजूला काढणं.

तेच काम, कमी तास

बहुतेकांना आम्ही हा सुचवू. पहिले दोन आठवडे चार तास, झोप सुधारली तर पुढे सहा. पाळी अशी निवडा की शेवटचा तास साफसफाईचा येईल, कारण थकल्यावरच चुका होतात. तोटा असा की उरलेला भार सहकाऱ्यांवर पडतो आणि तिसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू होते. म्हणून आढाव्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून लेखी द्या.

पर्याय कुठलाही घ्या, तीन गोष्टी सुरुवातीला बाजूला ठेवा. पहिली, एकट्याने भुलीचा डोस काढणं. झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणणारं औषध २० आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांत मिळतं. बाटली चुकली की पाचपट फरक, दशांशचिन्ह चुकलं की दहापट. दोघांनी वेगवेगळा हिशेब करावा आणि मगच आकडे जुळवावेत. दुसरी, अनोळखी मोठी जनावरं. तिसरी, दयामरण.

तुमचे आई-वडील कसे गेले, यावरही बरंच ठरतं. अतिदक्षता विभागात गेले असतील तर सलाइन पंपाचा गजर आणि ऑक्सिजनची नळी जड जाते. घरी अंथरुणाला खिळून गेले असतील तर लुळ्या पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची कूस बदलणं अवघड होतं. यादी त्यानुसार वाढवा.

जनावरं घरचीच असतील तर

इथे रजा नसते. दोन वेळची धार निघालीच पाहिजे. शिंगं जाळणं, खूर कापणं, नवी खरेदी मात्र पुढे ढकलता येते. गाय वडिलांच्या हाताची असेल तर सुरुवातीला दूध चोरेल. कास चोळल्यावर मिनिटभरात पान्हा सुटतो, पण गाय बिचकली तर अॅड्रेनलिन तो अडवतं. सुटलेला पान्हाही पाच-सात मिनिटांत ओसरतो. म्हणून वेळ, बसायची बाजू, बादली, जनावरांचा क्रम जुनाच ठेवा. प्रतिजैविक चालू असलेल्या गाईच्या पायाला रंगीत पट्टी बांधा, नाहीतर तिचं दूध बाकीच्यात मिसळेल. शोकातल्या गोठ्यात हे हमखास घडतं. विक्रीचा निर्णय या दिवसांत नको.

बेत चुकतोय हे कसं ओळखायचं

एका आठवड्यात दोनदा फाटकाची कडी उघडी राहिली, दुसऱ्याच जनावराचा कागद हातात आला, सुई टोचता टोचता वाचली, तर त्याच दिवशी तास कमी करा. दोरीला रागाने हिसका दिलात तर त्या दिवसापुरतं काम थांबवा. सहा महिन्यांनंतरही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ तशीच राहून रोजचं जगणं अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण दीर्घकाळच्या शोकविकारासाठी किमान तेवढाच काळ धरतं.

बाजूला ठेवलेली कामं परत घेताना आधी डोस, तपासणाऱ्या सहकाऱ्यासह. मग मोठी जनावरं. दयामरण सर्वांत शेवटी, तेही पहिल्यांदा फक्त जनावर धरायला. मालकाशी बोलणं आणि इंजेक्शन दुसऱ्याकडे.