ऑनलाइन अल्जिब्रा, १५ आठवड्यांनंतर: कोर्स घ्या, पण परीक्षा कॅमेऱ्यासमोर देऊ नका

फायनलचा ग्रेड परवा आला, बी प्लस, त्यामुळे मी हे नापास झाल्याच्या रागात लिहितेय असं कोणी समजू नये. मार्चमध्ये लिहायला बसले असते तर एकच ओळ लिहिली असती, घेऊ नका हा कोर्स. आता तसं म्हणत नाही, बऱ्याच बाबतीत मत बदललंय, पण घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देण्याच्या बाबतीत तिळभर बदललेलं नाही.

न्यू जर्सीत आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात जानेवारी ते मे इंट्रोडक्टरी अल्जिब्रा ऑनलाइन केला. मोड्यूल किती, क्विझ किती, ते सगळं वेबसाइटवर आहे, मी परत लिहीत नाही. मला नर्सिंगला जायचंय. नर्सिंगला केमिस्ट्री लागते, केमिस्ट्रीला अल्जिब्रा लागतो, आणि माझी डिग्री बी.ए. मराठी, गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. ॲक्युप्लेसर, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा दिली, मार्क कमी पडले, मग हा कोर्स. एक लक्षात ठेवा, हा डेव्हलपमेंटल, म्हणजे पाया पक्का करायचा कोर्स आहे, फी पूर्ण लागते पण याचे क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. मला हे फी भरल्यावर कळलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता मिडटर्मचं सांगते. सातवा आठवडा, रविवार, घरातल्यांना मॉलमध्ये पाठवलं, बेडरूमचं दार लावलं. आधी आयडी कॅमेऱ्याला दाखवायचा, मग लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवायची, टेबलाखाली, पलंगाखाली, आमच्या त्याच खोलीत कोपऱ्यात देवघर आहे तेही दाखवलं. ब्राउझर लॉक होतो, माइक चालू राहतो. पेपर चांगला चालला होता. नवव्या प्रश्नात अवयव पाडायचे होते, एक्स वर्ग वजा १५ एक्स अधिक ५६. दोन संख्या हव्यात, गुणाकार ५६ आणि बेरीज १५. मी म्हटलं, सात आठे छप्पन, सात नि आठ पंधरा, झालं. म्हणजे खरंच म्हटलं, तोंडाने. आजी रोज दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा म्हणून घ्यायची, तीसपर्यंत पाढे, पावकी निमकी सुद्धा, पाठ चुकला तर पहिल्यापासून. ज्यांचे पाढे असे झालेत त्यांना माहितीये, पाढा डोक्यात नसतो, जिभेवर असतो. तोंड बंद ठेवून सात आठे मला आठवतच नाही, सात सक बेचाळीसपासून चालत यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ईमेल. परीक्षेदरम्यान बोलण्याचा आवाज नोंदला गेला, दुसऱ्या भाषेत, खोलीत दुसरी व्यक्ती असण्याची शक्यता, निकाल राखून ठेवलाय. मी ते तीनदा वाचलं. बेचाळीसाव्या वर्षी कॉपीचा संशय, आयुष्यात कधी शेजारणीच्या वहीत डोकावले नाही मी. नवरा म्हणाला, "अगं मशीनने पाठवलंय, माणसाने नाही." पण ते ईमेल आलं माझ्या नावाने ना, आणि मार्कांच्या जागी शून्य दिसत होतं ते माझ्याच पानावर. सहा दिवस ते शून्य तसंच होतं. परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला चॅट केलं, ते म्हणे आम्ही फक्त नोंदवतो, निर्णय प्रोफेसरचा. प्रोफेसरला दोन ईमेल केल्या, उत्तर नाही. त्या आठवड्यात मी कोर्स सोडायलाच निघाले होते, पण फी परत मिळायची तारीख केव्हाच उलटून गेलेली, नुसतं डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा) घेऊन पैसे बुडवायचे माझ्याच्याने झालं नाही.

मग प्रोफेसर बाईंच्या ऑफिस अवरला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, झूमवर गेले. इथे माझं पहिलं मत बदललं. मला वाटलेलं बाई ईमेल उघडतच नाहीत. त्या ॲडजंक्ट, म्हणजे कंत्राटी अर्धवेळ प्रोफेसर आहेत, दोन कॉलेजांत मिळून पाच वर्ग शिकवतात, आणि त्यांनी माझं रेकॉर्डिंग आधीच काढून ठेवलेलं होतं. म्हणाल्या, नवव्या प्रश्नाला तू काय बोललीस ते मला परत म्हणून दाखव. मी सातचा पाढा म्हटला, सात एके सात पासून. त्यांनी शेजारी कागदावर ७, १४, २१ लिहीत ऐकला, ५६ ला थांबवलं, रेकॉर्डिंगमधला तेवढा तुकडा परत लावला, आणि म्हणाल्या हेच आहे. त्याच दिवशी ८१ मार्क लागले. मला रडू आलं, कॅमेरा बंद करून रडले.

त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला सांगा, बाई चांगल्या निघाल्या म्हणून निभावलं, नसत्या निघाल्या तर? पुटपुटत गणित करणारी मी एकटी आहे का? आमच्या वर्गातली एक मुलगी स्पॅनिशमध्ये मोजते, तिलाही तेच ईमेल आलेलं. २०२२ मध्ये ओहायोतल्या फेडरल कोर्टाने क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये निकाल दिला की परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली अशी कॅमेऱ्यातून बघणं म्हणजे घराची झडती आहे आणि ते अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडतीपासून जपणाऱ्या कलमात, बसत नाही. तो निकाल न्यू जर्सीला बांधील नाही, पण मला तो वाचून बरं वाटलं, म्हणजे देवघर दाखवताना मला जे वाटलं ते उगाच नव्हतं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे, जी सिलॅबसच्या अकराव्या पानावर तळाला लिहिलीये. कॅमेरा नको असेल तर कॅम्पसच्या टेस्टिंग सेंटरला जाऊन परीक्षा देता येते, फुकट, फक्त आधी वेळ घ्यायची. बाईंनीच सांगितलं. माझ्या घरापासून २५ मिनिटं. फायनल मी तिथे दिली. फोन आणि पर्स लॉकरमध्ये, त्यांचाच कोरा कागद, आणि तिथली बाई समोर बसलेली, मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी हळू आवाजात आकडे म्हणते, ती म्हणाली मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बस. संपला विषय. हे पहिल्या आठवड्यात ठळक अक्षरात का सांगत नाहीत?

आता बाकीचं. होमवर्कच्या सॉफ्टवेअरचा कोड ११० डॉलर, वेगळा, आणि सेमिस्टर संपलं की बंद. यावर मी पहिला महिनाभर चिडलेले होते. त्यात पहिल्या आठवड्यात वजा ३ चा वर्ग, कंस नाही, मी लिहिलं ९, चूक. परत ९, परत चूक. मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलंय. कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा, वजा बाहेरच राहतो, उत्तर वजा ९. आपल्या कंचेभागुबेवमध्ये घातांक नाहीच ना, तो कुठे बसवायचा तेच मला माहीत नव्हतं. इथे क्रियांच्या क्रमासाठी पेमडास शिकवतात, त्यात कंसानंतर घातांक आहे. पण त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं, त्यामुळे १२ भागिले २ गुणिले ३ याचं उत्तर डिस्कशनमध्ये निम्म्या पोरांनी २ दिलं. मी कंचेभागुबेवने आधी भागाकार केला, १८, बरोबर. त्या दिवशी शाळेतल्या बाईंची फार आठवण आली.

तर सॉफ्टवेअर. मार्चनंतर माझं त्याबद्दलचं मत बदललं, हे कबूल करायला हवं. चुकलं की तेच उदाहरण नवे आकडे घालून देतं, कितीही वेळा, आणि रात्री अकराला भांडी आवरून बसलं तरी कंटाळत नाही. स्लोप मला तिथेच कळला, आपल्याकडे रेषेचा चढ म्हणतात तो. एका रात्रीत २२ उदाहरणं केली. आपण वाय बरोबर एमएक्स अधिक सी शिकलो, इथे सी च्या जागी बी असतो, एवढ्याशा फरकाने मी दोन दिवस अडकले होते, मुलीने बघितलं आणि म्हणाली, "आई, फक्त अक्षर वेगळं आहे गं." ती आठवीत आहे, तिलाही हेच चालू आहे. एप्रिलपासून आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर एकत्र बसायला लागलो.

शाब्दिक उदाहरणांत मात्र नाण्यांनी छळलं. बरणीत निकेल आणि डाइम मिळून इतकी नाणी, एकूण इतके डॉलर, प्रत्येकी किती. गणित सोपं, पण डाइम आकाराने लहान आणि किंमत १० सेंट, निकेल मोठं आणि ५ सेंट, मी सारखी उलटं धरायची. शेवटी खरी नाणी कागदाला चिकटवून भिंतीवर लावली.

पैशांचं म्हणाल तर ११० डॉलर भरायच्या आधी बाईंना विचारा कोड लागतोच का. काही सेक्शन मायओपनमॅथ या होमवर्कच्या फुकट वेबसाइटवर चालतात, रजिस्टर करतानाच बघून घ्या, मी बघितलं नाही. पुस्तक तर मुळीच विकत घेऊ नका. ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं एलिमेंटरी अल्जिब्रा फुकट डाउनलोड होतं, उदाहरणं भरपूर, विषम क्रमांकांची उत्तरं मागे आहेत. मी लायब्ररीत अवयवांचा धडा तेवढा प्रिंट करून आणला, त्यावरच मिडटर्म निघाली. ट्यूटरिंग सेंटरही झूमवर फुकट आहे, मी दहाव्या आठवड्यापर्यंत लाजत राहिले आणि गेलेच नाही, तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात जा.

परत घेईन का असं शेजारणीने विचारलं, तिलाही करायचाय. घे म्हटलं, ऑनलाइनच घे, मुलं आणि नोकरी सांभाळून दुसरं जमणारच नाही, पण पहिल्याच दिवशी टेस्टिंग सेंटरला फोन कर. तिचा उन्हाळ्याचा वर्ग जूनमध्ये सुरू होतोय, आम्ही काल तिच्या तिन्ही परीक्षांच्या वेळा घेऊन टाकल्या. माझी केमिस्ट्री सप्टेंबरला आहे. माझ्या वह्या तिला दिल्यात, फक्त अवयवांची वही मुलीची परीक्षा होईपर्यंत घरीच राहील.