कागद खरा होता

नाशिकच्या पंचवटीतली आमची इमारत बारा फ्लॅटची, चाळीस वर्षं जुनी. जमीन सोसायटीच्या मालकीची नाही, एका धर्मादाय ट्रस्टची आहे. ट्रस्टने ती 1978 साली पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, म्हणजे मुदत 2028 ला संपते. फ्लॅट घेतले तेव्हा 2028 फार लांब वाटत होतं. मग 2023 मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक ठरलं आणि बँकेने कर्ज नाकारलं. पट्टा उरलाय पाच वर्षं, त्यावर वीस वर्षांचं कर्ज कोण देणार? त्या दिवशी सगळी बिल्डिंग जागी झाली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच.

पट्ट्याची मुदत वाढवून देतो म्हणणारा माणूस ओळखीतूनच आला. सीबीएस बसस्थानकाजवळ त्याची केबिन होती. वकील नव्हता, 'लायझनिंगची कामं करतो' म्हणायचा. पहिल्या भेटीत त्याने कायद्याचं जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. सार्वजनिक ट्रस्टची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्यावर द्यायची तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, नाहीतर पट्टा टिकत नाही. पट्टा एक वर्षाच्या वरचा असेल तर नोंदणी सक्तीची. दहा ते एकोणतीस वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर आणि त्यापुढे 90 टक्क्यांवर विक्रीखताच्या दराने मुद्रांक शुल्क. मी ओळखीच्या वकिलांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. ते म्हणाले, कागद करताना मला सोबत घ्या. त्यांची फी वाचवायची म्हणून कमिटीने नको म्हटलं. मीही नको म्हटलं.

खोटं त्याने दोनच ठिकाणी घातलं. एक, '2028 संपलं की दुसऱ्या दिवशी कुलूप लागेल.' असं होत नाही. मुदत संपली तरी जागा परत घ्यायला मालकाला कोर्टातूनच जावं लागतं. पण बिल्डिंगमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे, त्यांची झोप उडाली. दुसरं, 'ट्रस्टच्या ऑफिसात तुम्ही थेट जाऊ नका. 2027 चा सिंहस्थ आलाय, पंचवटीत जागेचे भाव चढलेत. गरज दिसली तर ते आकडा दुप्पट करतील. बोलणी माझ्यावर सोडा.'

ट्रस्टचं ऑफिस आमच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, फिरायला जातो, तो त्याच रस्त्याने. पुढचे दहा महिने मी त्या दारावरून गेलो आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाही.

प्रत्येक फ्लॅटमागे 1,85,000 असे एकूण 22,20,000 रुपये जमले. मुद्रांक आणि नोंदणीचे म्हणून 13 लाख सोसायटीच्या खात्यातून आरटीजीएसने त्याच्या फर्मला गेले, त्याची फी 3,20,000 चेकने. ट्रस्टला मुदतवाढीसाठी द्यायच्या मोबदल्याचा, म्हणजे प्रीमियमचा, पहिला हप्ता म्हणून 6 लाख रोख. ट्रस्टने घेतलेल्या पैशाची ट्रस्टची पावती असते, हे मला ठाऊक होतं. 'परवानगीचा आदेश निघाला की पावती मिळेल,' असं तो म्हणाला आणि मी गप्प बसलो.

सह्यांच्या दिवशी आम्हा तिघा पदाधिकाऱ्यांना त्याने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलंच नाही. आत फार गर्दी आहे म्हणून एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, शाईच्या पॅडवर अंगठे घेतले आणि मोबाईलवर फोटो काढले. मी पूर्वी बहिणीच्या विक्रीखताला साक्षीदार होतो. खऱ्या नोंदणीत काउंटरवर कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा मशीनवर घेतात, हे मी पाहिलेलं होतं. विश्वस्त कुठे आहेत, असं मी विचारलंसुद्धा. 'ते सकाळीच सह्या करून गेले.'

पंधरा दिवसांनी दस्त हातात आला. पहिलं पान पाचशेच्या स्टँप पेपरवर. मी नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 31 वर्षं नोकरी केली. असे कागद तिथे छापले जातात. मी तो उजेडात धरला, वॉटरमार्क पाहिला, छपाईवरून बोट फिरवलं. कागद खरा होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एफडी मोडून पैसे दिले होते. त्यांनी जिन्यात विचारलं, "भाऊ, तुम्ही कागद नीट बघितलात ना?" मी हो म्हणालो. बाकीच्या कुणी मग तपासलं नाही.

पण पाचशेचा स्टँप पेपर कुणालाही विकत मिळतो. लाखांचं शुल्क त्या कागदावर नसतंच, ते ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतल्या ई-चलनात असतं. चलनावर जीआरएन नंबर असतो, तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की रक्कम आणि भरणाऱ्याचं नाव दिसतं. दस्त नोंदवला की ते चलन 'डिफेस' होतं, म्हणजे पुन्हा वापरता येत नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. खरं तर चलन सोसायटीने आपल्या नेटबँकिंगवरून स्वतःच भरायला हवं होतं, मग 13 लाख त्याच्या खात्यात गेलेच नसते.

फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक आलं. बँकेच्या वकिलांनी सर्च घेतला, म्हणजे नोंदणीच्या सरकारी नोंदी तपासल्या, आणि मला फोन केला. आमच्या दस्तावरचा क्रमांक खरा होता, पण सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, त्या क्रमांकावर कुणाचं तरी बक्षीसपत्र निघालं. जीआरएनही खरा, पण चलन एक हजार रुपयांचं आणि भरणारा भलताच. तेव्हा मी ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. व्यवस्थापकांनी त्या माणसाने दिलेली परवानगीच्या आदेशाची प्रत वाचली, परत दिली आणि म्हणाले, "आमच्या विश्वस्तांनी असा ठरावच केलेला नाही. तुम्ही आधी का आला नाहीत?"

केबिनला कुलूप होतं, फोन बंद. आम्ही पोलिसांत गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318, 336 आणि 340 खाली फसवणूक, बनावट दस्त आणि त्याचा वापर असा गुन्हा नोंदला गेला. बँकेतून गेलेल्या रकमेचा माग आहे. रोख सहा लाखांना माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही. आजपर्यंत एक रुपयाही परत आलेला नाही.

मुदतवाढीचं काम आता रीतसर चाललंय. पट्टा सोसायटीच्या नावावर आहे, तेव्हा मुदत वाढायची ती सगळ्या इमारतीची. एकट्या फ्लॅटचं वेगळं करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आम्ही आधी सर्वसाधारण सभेत ठराव केला, मग ट्रस्टला लेखी विनंती दिली आणि पोच घेतली. विश्वस्तांचा ठराव झाला, सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल झाला, आणि कलम 36 खालचा अर्ज ट्रस्टनेच धर्मादाय कार्यालयात दाखल केला. वेळ लागतोय. पैसे मागायला मात्र अजून कुणी आलेलं नाही. सोबत तेच वकील आहेत, ज्यांना आम्ही नको म्हटलं होतं.

काकूंना मी माझ्याकडून थोडे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

त्या माणसाने आम्हाला पंचवटीतल्या आणि जुन्या नाशिकमधल्या आणखी दोन-तीन सोसायट्यांचे असेच दस्त दाखवले होते, 'ही माझीच कामं' म्हणून. नावं मला आठवत नाहीत. तुमची इमारत ट्रस्टच्या जमिनीवर असेल आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी पट्टा वाढवून आणून दिला असेल, तर तो दस्त आज कपाटातून काढा आणि त्याचा क्रमांक व जीआरएन तपासा. जुळत नसेल तर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि आमच्यासारखाच प्रकार आहे हे त्यात लिहा.