निवड झाल्याचं पत्र

पैसे मागणाऱ्या प्रकाशकाचं उत्तर फार लवकर येतं. खरा प्रकाशक महिनोन्‌महिने गप्प असतो, मग दोन ओळींत नकार कळवतो. पुष्कळदा तेवढंही करत नाही. नकार गोळा करण्यात वर्षं गेलेल्या माणसाला आठवड्याच्या आत "आमच्या निवड समितीने आपली कादंबरी एकमताने निवडली आहे" असं पत्र आलं, तर तो ते किती वेळा वाचेल? मी पाठ होईपर्यंत वाचलं.

या धंद्याचं खरं गिऱ्हाईक श्रीमंत हौशी लेखक असेल असं वाटतं, पण तसं नाही. श्रीमंत माणूस चार ठिकाणी भाव विचारतो, वकिलाला करारनामा दाखवतो. त्यांना हवा असतो माझ्यासारखा: कमी पगाराची, पण सकाळ मोकळी देणारी नोकरी पत्करलेला, जुना लॅपटॉप रेटत राहणारा, पुस्तकं वाचनालयातून आणणारा, पाठकोऱ्या कागदांवर मसुदे छापणारा. असा माणूस गरीब दिसतो, पण त्याच्याकडे थोडी पुंजी हमखास असते. ती तो साठवतो ते पुढे नोकरी सोडून सलग लिहिता यावं म्हणून. पहिल्याच फोनवर मला विचारण्यात आलं, "ताई, तुम्ही पूर्णवेळ लिहिता की नोकरी सांभाळून?" मला वाटलं, आस्था आहे. तो अंदाज घेणं चाललं होतं.

योजनेला नाव होतं ‘सहभागी प्रकाशन’. निम्मा खर्च लेखकाचा, निम्मा प्रकाशन संस्थेचा. ऐकायला किती न्याय्य! पुढे एका मुद्रकाकडून मी त्याच पुस्तकाचा अंदाज काढून घेतला. फॉर्मे किती, कागद कोणता, मुखपृष्ठ किती रंगांत, बाइंडिंग कसलं, हे सांगितलं की कोणताही मुद्रक आकडा देतो. सोळा पानांचा एक फॉर्मा धरून हिशेब घरीही मांडता येतो. माझा ‘निम्मा वाटा’ छपाईच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त भरला. म्हणजे पुस्तकाची एकही प्रत विकली गेली नाही तरी त्यांचा नफा आधीच खिशात पडलेला होता. मग ते पुस्तक विकण्याची यातायात कशाला करतील?

पैसे एकदम मागितले असते तर मी कदाचित नाही म्हणाले असते. मागितले हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्त्यामागे काहीतरी कारण होतं: करारावर सही, मग मुखपृष्ठ, मग प्रूफं. त्यानंतर आयएसबीएनचं शुल्क, कॉपीराइटचं शुल्क, प्रसिद्धीचं पॅकेज आणि शेवटी एका पुरस्कारासाठी ‘नामांकन शुल्क’. यातल्या मधल्या दोन गोष्टींबद्दल सविस्तर सांगते, कारण तिथे आपल्या अज्ञानावरच कमाई केली जाते.

कॉपीराइट विकत घ्यावा लागत नाही. 1886 च्या बर्न कराराने लेखकांच्या हक्कांना देशोदेशी मान्यता मिळाली आणि 1908 च्या सुधारणेपासून त्यासाठी नोंदणीची अट नाही. करारात सामील असलेल्या देशांत मजकूर लिहिला गेला की हक्क लेखकाचाच. काही देशांत नोंदणीचा पुढे कोर्टात उपयोग होतो, ती जरूर करावी; पण "नोंदणी केली नाही तर तुमची कादंबरी कुणीही पळवेल" ही निव्वळ भीती घालणं आहे. आयएसबीएन तर त्याहून साधी गोष्ट. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक, 2007 पासून तेरा आकडी. त्याने कसलाही हक्क मिळत नाही की दर्जाची खूण पटत नाही, आणि कितीतरी देशांत तो फुकट दिला जातो. त्या तेरा आकड्यांतला एक भाग प्रकाशक कोण हे सांगतो. माझ्या पैशांनी निघालेल्या पुस्तकावर तो भाग त्यांचा होता. म्हणजे नोंदींपुरती मी लेखिका, प्रकाशक मात्र ते.

मी कचरले की फोनवरचे गृहस्थ मोठी नावं काढत. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी 1913 मध्ये आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड पदरमोड करूनच काढला होता, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांनी 1855 मध्ये आपला कवितासंग्रह स्वतः छापून घेतला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर त्या इतक्या कामी येतात. पण व्हिटमन यांनी छापखान्यात उभं राहून काही पानांचे खिळेसुद्धा स्वतः जुळवले होते. पैसा कुठे जातो ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि प्रूस्त यांना पुढे ज्या प्रकाशन संस्थेने आधी नाकारलं होतं तिच्याकडेच जाता आलं, कारण पहिल्या प्रकाशकाकडे त्यांचं लेखन कायमचं अडकलेलं नव्हतं. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काही कमीपणा नाही. मुद्रकाला पैसे द्या, मुखपृष्ठकाराला द्या, संपादकाला द्या, पुस्तकं घरी आणा. हा रोखठोक व्यवहार झाला. माझ्या करारात मात्र हक्क ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ लिहून घेतले होते, आणि बर्न करारानुसार ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान पन्नास वर्षांची असते. पुस्तक विक्रीतून गेलं तर हक्क परत मिळावेत, असं एकही कलम नव्हतं. रॉयल्टी होती, तीही छापील किमतीवर नाही, ‘निव्वळ उत्पन्नावर’; आणि निव्वळ म्हणजे काय काय वजा जाता, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुस्तक निघालं, नाही असं नाही. संपादनाचे पैसे घेतले होते, पण माझ्या हस्तलिखितात एका पात्राचं नाव मध्येच बदललं होतं ते तसंच छापून आलं. वर फॉन्ट बदलताना रफार पुढच्या-मागच्या अक्षरांवर जाऊन बसले, ही त्यांची भर. ‘हजार प्रतींची आवृत्ती’ म्हणजे मागणीनुसार छपाई: ऑर्डर येईल तेव्हा एकेक प्रत. प्रिंट ऑन डिमांड ही उत्तम सोय आहे, मला तिच्याशी भांडण नाही. पण हजार प्रतींचे पैसे घेऊन मूठभर प्रती छापायच्या, आणि त्याही लेखिकेलाच ‘सवलतीत’ विकायच्या, याला प्रकाशन म्हणत नाहीत. कोणत्याही दुकानात पुस्तक दिसेना तेव्हा मी विक्रीचा हिशेब मागितला. तोवर मी ‘ताई’ होते, त्या दिवसापासून ‘मॅडम’ झाले, आणि मग फोन उचलणंच बंद झालं.

एका साहित्यमेळाव्यात योगायोगाने त्यांचाच दुसरा लेखक भेटला. आम्ही दोघांनी निवडीची पत्रं शेजारी ठेवून पाहिली. "आपल्या लेखनात जगण्याची अस्सल वेदना आहे" हे वाक्य दोन्हीकडे होतं. त्यांचं पुस्तक गणिती कोड्यांचं होतं. आम्ही हसलो, दुसरं करणार काय.

2004-05 मध्ये अमेरिकेतल्या काही विज्ञानकथा लेखकांनी हा निवडीचा देखावा उघडा पाडला होता. ‘आम्ही पारंपरिक प्रकाशक, पारखूनच छापतो’ असं सांगणाऱ्या एका संस्थेकडे त्यांनी मुद्दाम भिकार लिहिलेली कादंबरी पाठवली. तिच्यात एक प्रकरण गायब होतं, एक प्रकरण जसंच्या तसं दोनदा आलं होतं आणि एक तर संगणकाने आधीच्या मजकुराची सरमिसळ करून तयार केलेलं होतं. कादंबरी स्वीकारली गेली. लेखकांनी बिंग फोडल्यावर स्वीकृती मागे घेतली गेली, तो भाग वेगळा.

"शिकलेली बाई असून फसलीस कशी?" हे मला बरेच जण विचारतात. फसवणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. लेखकाने चिकाटी सोडू नये, स्वतःवर विश्वास ठेवावा, हे आपल्याला सगळेच सांगतात. त्या माणसाने नेमका त्या सल्ल्याचाच धंदा केला. "एवढी वर्षं तग धरलीत, आता शेवटच्या पायरीवर माघार घेणार?" हे त्याचं आवडतं वाक्य होतं. माझी गेली ती नुसती रक्कम नाही. जवळपास वर्षभर मोकळेपणाने लिहिता आलं असतं, तो वेळ गेला. आता पुन्हा नोकरीच्या आधीच्या पहाटा आहेत, पाठकोरे कागद आहेत, आणि दुसरी कादंबरी अर्ध्यावर आहे. तीही नाकारली जाईल कदाचित. नकाराला निदान शुल्क नसतं.

कुणाला असं पत्र आलं असेल तर त्यातलं स्तुतीचं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी काढलेलं एखादं पुस्तक दुकानात किंवा वाचनालयात मिळतं का बघा, आणि त्याच्या लेखकाशी स्वतः बोला. त्यांनी दिलेल्या नंबरवर नव्हे, तुम्ही शोधून काढलेल्या. "सवलत आज रात्रीपर्यंतच" म्हणाले तर उद्या सकाळी उत्तर द्या.

पैसे आधीच गेले असतील तर पुढचा हप्ता थांबवा. "आता थांबलात तर आधीचे पैसे वाया जातील" हे ते म्हणणारच. ते पैसे तसेही गेलेले आहेत. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी तक्रार ताबडतोब करा, कारण तिला मुदत असते. पावत्या, ईमेल, मेसेज, सगळं जपून ठेवा. फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने त्यांना कळवून ठेवा. पैशांची मागणी आणि हक्क परत करण्याची मागणी वेगवेगळ्या पत्रांत करा. मला पैसे मिळाले नाहीत, हक्क परत केल्याचं पत्र मात्र मिळालं. बहुधा त्यांना त्या कादंबरीचा काही उपयोग उरला नव्हता. दुसऱ्या प्रकाशकाला ती दाखवताना आधी छापली गेल्याचं सांगावं लागतं, आणि बरेच जण तिथेच थांबतात.

आणि काही महिन्यांनी दुसरा फोन येतो. कधी तो चित्रपट निर्मात्याच्या ‘प्रतिनिधी’चा असतो: तुमच्या कादंबरीवर चित्रपट काढायचाय, फक्त पटकथेचा प्राथमिक खर्च तुम्ही भरा. कधी तो तुमचे बुडालेले पैसे वसूल करून देणाऱ्याचा असतो, अर्थात आगाऊ फी घेऊन. पुस्तकाचं नाव, तुमचं नाव, तुम्ही किती भरले होते तो आकडा, सगळं त्याच्याकडे असतं. मला दोन्ही प्रकारचे फोन आले. निर्मात्याच्या प्रतिनिधीला मी कादंबरीतल्या नायिकेचं नाव विचारलं, तर त्याने नेटवर्कचा प्रॉब्लेम असल्याचं सांगितलं.